खाडी कोणत्या सालची?

ऐंशीनंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. मी वर्ध्याला भूगोल घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. प्रात्यक्षिकासाठी सरांनी मला एका जुन्या तहाचा टाइप केलेला उतारा दिला. दोन राज्यांची हद्द खाडीच्या मधून जाईल आणि मुखापासून पुढे सरळ समुद्रात, एवढंच त्यात होतं. त्यावरून समुद्रातली वादाची हद्द काढायची होती. समुद्र मी तोवर पाहिलाही नव्हता. पण नापास झालो तर वर्ष वाया जाणार होतं, आणि घरी आणखी एक वर्ष मागण्याची माझी हिंमत नव्हती.

सोबत दोन नकाशे होते, एक तहाच्या काळातला, जुना आणि पुसट, दुसरा नवा. दोन्हींत खाडीचं वळण वेगळं होतं. जुना चुकला असेल असं धरून मी नव्यावर रेघ ओढली आणि शनिवारच्या एस.टी.नं अल्लीपूरला घरी आलो. नकाशा सोमवारी द्यायचा होता.

ओसरीवर नकाशा पसरला तेव्हा शेजारच्या शेताचे काका बाबांजवळ बसले होते.

"समुद्र पाह्यला काय बे तूनं?"

"नाई, काका."

"अन् वाटणी करून राह्यला!"

बाबा हसले नाहीत. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी तह दोनदा वाचून घेतला.

"हे लिहिलं तवा पानी कुठून जात होतं?"

"म्हणजे?"

"तुह्या कागदावर खाडी कोन्या सालची हाय?"

मी दोन्ही नकाशांच्या कोपऱ्यातली सालं पाहिली. आमच्या आणि काकांच्या शेताची हद्द नाला होता. एका पुरात तो आमच्या बाजूला सरकला आणि आमची चिंचोळी पट्टी पलीकडे, काकांच्या काठाला गेली. तरी दरवर्षी नांगरणीआधी दोघं जुन्या, कोरड्या पात्रातून सोबत चालत आणि बाभळीच्या फांद्या रोवत. त्या पट्टीतली चार तासं, म्हणजे पेरणीच्या चार ओळी, आमचीच असत.

"तुह्या बापाचे चार तासं माह्या काठाले हायेत," काका म्हणाले. "पेरू देतो न मी? मंग!"

रविवारी मी पुन्हा ट्रेसिंग पेपर घेतला. जुन्या खाडीच्या मधून पक्की रेघ ओढली, नव्या खाडीतून तुटक, आणि दोन्हींवर नकाशांची सालं लिहिली.

सोमवारी प्रात्यक्षिकाच्या वेळी परीक्षकांनी विचारलं, "पक्की रेघ जुन्या खाडीतून का?"

"सह्या झाल्या तेव्हा पाणी तिथून वाहत होतं, सर."

"हे कोणत्या पुस्तकात आहे?"

पुस्तकाचं खोटं नाव सांगावं असं क्षणभर वाटलं. "पुस्तकात नाही. माझे वडील आणि शेजारचे काका शेताची हद्द अशीच धरतात."

त्यांनी दोन्ही रेघांवरची सालं वाचली. "कोर्टात हे टिकेलच असं नाही," ते म्हणाले, "पण सालं लिहिलीस ते बरं केलंस." आणि सही केली.

पास झाल्याचा निकाल घेऊन घरी गेलो तर बाबा म्हणाले, "पह्यले काकाले सांगून येजो."

काका गोठ्यात होते. मी पाया पडलो तसे ते मागे सरकले. "मी का केलं बे? तुह्या बापानं सांगतलं."

बाबांनी सांगितलं, हे खरंच. पण काकांनी एखाद्या वर्षी ती पट्टी नांगरून टाकली असती, तर बाबांजवळ मला सांगायला काही उरलं नसतं. हे काकांना मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. मी त्यांच्या हातातली वैरणीची पाटी घेतली आणि बैलांपुढे नेऊन ओतली.