सोमवारची परीक्षा

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. धाकट्या बहिणीपासून माझं काही लपलेलं नसे, असं घरात सगळे म्हणायचे — पण हे तिलाही कळलं नाही, आणि आता ती नाही. मग तुम्हालाच का सांगतेय? तुमचा चेहरा मला दिसत नाही, म्हणून असेल. दिसला असता तर मी पुन्हा हवापाण्याच्या गप्पांवर आले असते. मी स्वतःला चांगली ओळखते.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते. ट्रेनिंग संपवून सोलापुरात आले होते आणि विणकरांच्या वस्तीत, एका रंगाऱ्याच्या घराशेजारच्या खोलीत, बायकांचा दुपारचा वर्ग घेत होते. त्या दुपारी मला अजून धड जागेपणीच्या वाटत नाहीत. घराघरांतून मागांची खटखट चालू, तिचीच गुंगी यायची. दारापुढच्या गटारातून एक दिवस जांभळं पाणी वाहायचं, दुसऱ्या दिवशी लाल. बायका मांडीवर पाटी घेऊन डुलत बसायच्या, आणि मी फळ्याशी उभी राहून स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा ऐकत असायची.

त्या वेळी मला निश्चयाचं वेड होतं. एका वहीत मी निश्चय लिहायची — पहाटे पाचला उठणे, रोज दहा पानं वाचणे, रागावर ताबा. महिनाअखेर सगळं मोडलेलं असायचं, की मी नवी वही आणायची आणि पहिल्या पानावर पुन्हा ‘पहाटे पाचला उठणे’. हसू येतं ना? मलाही येतं. पण त्या वर्षीच्या प्रत्येक वहीत एक ओळ ठळक होती : ‘दिवाळीपूर्वी अंकलिपी पूर्ण. वर्गातली एकही बाई नापास नको.’ ही ओळ मात्र मी मोडू देणार नव्हते. वर्ग चालवणाऱ्या मंडळाच्या बाई स्वतः परीक्षा घ्यायला येणार होत्या, आणि निकाल चांगला लागला तर मला शाळेत कायमची जागा मिळणार होती.

वर्गात नरसम्मा होती. तिशी उलटलेली, तेलुगू घरातली. बायका गोळा करत फिरताना मी तिच्या घरी गेले होते. नवरा खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेला, त्यानं मान वर केली नाही. ही शेजारी सुताच्या कांड्या भरत होती. सुताचं काम संपेल तेव्हा ती वर्गाला यायची, म्हणजे कधी यायची, कधी नाही. पाचवा धडा चालू असला तर हिला तिसरा ठाऊक नसायचा, पण नवव्यातला एखादा शब्द ती खडखडीत वाचून दाखवायची.

“आज ‘ळ’ भेटला, बाई,” ती दारातूनच सांगायची. “तेलवाल्याच्या पाटीवर. लई वाकडा हाय की!”

तिच्या कमरेला एक दोरा असायचा. रस्त्यात जे अक्षर भेटेल त्याची ती त्यावर एक गाठ मारायची. ओळखता आलं तर त्या दिवशी हाती असेल त्या रंगीत सुताची, नाही आलं तर कोऱ्या, पांढऱ्या सुताची. मी एकदा वैतागून विचारलं, अशी किती अक्षरं झाली? कुठवर जायचं ठरवलंय तुम्ही?

“किती ते न्हाय ठावं, बाई. आज कुठलं भेटलं ते ठावं.”

आणि या पांढऱ्या गाठी? चुकलेल्या?

“चुकलेल्या कशाला? वळख राहिली, एवढंच. परत भेटंल की.”

मी त्या रात्री वहीत लिहिलं — नरसम्माला शिस्त नाही. तिचा दोरा वितीवितीनं वाढत होता आणि माझ्या वह्या पहिल्या पानाशीच संपत होत्या, हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. म्हणून तर राग यायचा.

परीक्षेआधी मी सगळ्यांकडून बारावा धडा वाचून घेतला. नरसम्मा तिसऱ्या ओळीला अडली. बोट तिथंच ठेवून हसली आणि म्हणाली, “हे अजून भेटलं न्हाय.” बाकीच्या बायकाही हसल्या. मी हसले नाही. मला फक्त माझी ती ठळक ओळ दिसत होती.

आता सांगतेच. परीक्षा शनिवारी होती. गुरुवारी वर्ग सुटल्यावर मी नरसम्माला थांबवलं आणि सांगितलं की परीक्षा सोमवारी आहे, तोवर तुम्ही घरीच सराव करा. तिच्या गल्लीतून वर्गाला ती एकटीच यायची, तेव्हा खरा वार तिला सांगणारं कुणी नव्हतं. हेसुद्धा मी आधी ताडून पाहिलं होतं. तोंडातून चुकून गेलेला शब्द नव्हता तो. ती म्हणाली, “सोमवारी येते, बाई. मालकांनाबी आणते ऐकाया.” आणि मी मान डोलावली.

शनिवारी एकही बाई नापास झाली नाही. पेढे वाटले. मंडळाच्या बाईंनी हजेरीपटावरच्या एका नावावर बोट ठेवलं — या कोण? मी म्हटलं, त्यांनी वर्ग सोडला. किती सहज म्हटलं!

सोमवारी खोली बंद होती. माझी वही आत राहिली होती, ती आणायला मी दुपारी गेले. सोमवार माझ्या लक्षात नव्हता असं सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवाल? ठेवू नका. रंगाऱ्याच्या भिंतीच्या कोपऱ्यावरून मला दोघं दिसली. नरसम्मा पायरीवर बसली होती — धुतलेलं हिरवं लुगडं, तेल लावून चापून घातलेला अंबाडा, त्यात अबोलीची फुलं. शेजारी तिचा नवरा, डोक्याला फेटा बांधून. भर दुपारी माग बंद ठेवून तो माणूस आला होता. ती उठून दारावरची वर्गाची पाटी त्याला वाचून दाखवत होती, एकेका अक्षराखालून बोट नेत. पाटी पुरी झाली तेव्हा त्यानं फेटा सारखा केला आणि तो हसला. मागावरून मान वर न करणारा तो माणूस.

चार पावलं पुढं जायचं होतं, एवढंच. दार उघडून मी तिची परीक्षा घेतली असती तरी तिला पुरलं असतं. मी भिंतीआडच उभी राहिले. ऊन उतरलं, गिरणीचा भोंगा झाला, तेव्हा ती दोघं उठली. जाताना तिनं दाराच्या कडीला काहीतरी बांधलं.

तो दोरा होता. शेवटची गाठ पांढरी.

ती पुन्हा वर्गाला आली नाही. तिचं घर मला माहीत होतं. मी गेले नाही. शाळेतली जागा मला मिळाली. पुढं कधीतरी मी निश्चयाच्या वह्या सोडल्या आणि मुलींना दोरा दिला — आज काय भेटलं त्याची गाठ मारा, किती झालं ते मोजू नका, राहिलं ते परत भेटेल. मुली शिकल्या. मीही त्यानंच शिकले, संस्कृत शिकले, पेटी शिकले, थोडीफार माणूसही झाले असेन. शिक्षकांच्या एका सभेत माझा सत्कार झाला. ही पद्धत कुठून आणली, असं कुणीतरी विचारलं. मी म्हटलं, सुचली.

तो दोरा माझ्या ट्रंकेत आहे. कधी दुपारी डोळा लागतो आणि मागांची खटखट ऐकू येते, गटारातून लाल पाणी वाहत असतं, आणि मी भिंतीआडून निघून पायरीपर्यंत पोचतच नाही. जाग आल्यावरही ते पाणी थोडा वेळ दिसत राहतं.

ही पद्धत नरसम्माची. आणि परीक्षा सोमवारी नव्हती, नरसम्मा. शनिवारी होती.