सीटांचा कापूस

चूक माझी होती. मोटार कारखान्याच्या खरेदी खात्यात असताना पूर्णेच्या एका पिंजाऱ्याकडून मी गाड्यांच्या सीटांसाठी कापूस घेत असे. गठ्ठा शिवण्याआधी तो कोपरापर्यंत हात घालून आतला मूठभर कापूस काढी आणि हुंगून बघे. मी हसलो की म्हणे, "बसणाऱ्याला आतलं दिसत न्हाई साहेब, म्हून आमी बघायचं."

एकदा ताडपत्री न घालताच गठ्ठे पूर्णा स्टेशनच्या फलाटावर ठेवून मी जेवायला गेलो आणि पावसाची सर आली. कारखान्यात मी सांगितलं, माल ओलाच आला होता. त्याचं काम बंद झालं, हाताखालचे चौघे घरी बसले, गठ्ठे परत आले, त्यांच्यासोबत मीही. पूर्णा स्टेशनवर त्यानं माझ्यादेखत एका गठ्ठ्यात हात घातला.

"वरून भिजलाय, आत कोरडा हाय," तो म्हणाला. "हवाच लय खराब साहेब, दुसरं काय!" आणि गठ्ठे उचलू लागला.

वर्षभरानं वरिष्ठांना खरं सांगून मी त्याच्या दुकानी गेलो. शेजारपाजारचे लोक बसले होते. त्यांच्यासमोरच म्हणालो, "तुमचा माल कोरडा होता. भिजवला मी, आणि खोटंही मीच बोललो. मला माफ करा."