सात परस खोल

रंगनाथचा दगड बघायला मी कोलकात्याला जाणार नव्हतोच. गेलो, कारण माझ्या पिशवीत माझाही दगड होता.

रंगनाथ माझा शाळासोबती, सिन्नरकडे शेती करतो. तरुणपणी त्याच्या विहिरीत सुरुंग उडाला आणि कातळाच्या पोकळीतून हिरवे स्फटिक निघाले. आपण त्यांना सरसकट गारगोटी म्हणतो. एक त्याने ठेवला, एक मला दिला. 'आपल्या मातीचं वैभव' यावर मी शाळामास्तराने गावोगाव भाषणं ठोकली. कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात दगड मात्र त्याचा पोहोचला! आता माझाही तिथे ठेवायचा, या हट्टाने मी रंगनाथसोबत निघालो, त्याला न सांगता दगड पिशवीत घालून.

नाशिक रोडहून रेल्वेने सव्वा दिवस तरी धरा. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी जास्तच घ्या. रंगनाथने आमच्या निम्म्या डब्यात वाटली.

"मास्तर, पिशवी उशाला घेऊन झोपता. सोनं हाय का काय?"

मी कूस बदलली.

संग्रहालय सोमवारी बंद, तो दिवस टाळा. पहिल्या दालनांत हत्तीचे सांगाडे, भुसा भरलेले पक्षी. तिथेच दोन तास जातात. मग खनिजं. काचेआड काळ्या कातळात रुतलेला तो हिरवा स्फटिक. इंग्रजी पाटीवर नाशिक जिल्हा, रंगनाथचं नाव आणि खोली: सात परस. परस म्हणजे उभ्या माणसाची उंची. आपल्या विहिरी त्यातच मोजतात. तो शब्द त्यांनी तसाच ठेवला होता. मी पिशवीची गाठ सोडली.

तिथल्या अधिकारी बाईंपुढे मी माझा स्फटिक ठेवला. त्यांनी भिंग लावलं. "सुंदर! पण याचा काळा दगड कुठे?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"छिन्नीने काढला. शोकेसमध्ये चमकावा म्हणून."

"आणि कुठून, किती खोलीवरून, याची नोंद?"

तासन्‌तास भाषणं करणारा मी स्फटिक रुमालाने पुसू लागलो.

"ह्यो बी माझ्याच विहिरीतला," रंगनाथ मध्ये पडला.

"तुमच्या दगडासोबत तो निघाला त्याच दिवशीची चिठ्ठी होती," बाई त्याला म्हणाल्या. " यांचा आता दागिना झाला, नमुना राहिला नाही."

रंगनाथ माझी बाजू घेत होता, हेच मला जास्त झोंबलं. मातृभाषेवर मी एवढा गरजलो, पण 'परस' हा शब्द व्यासपीठावरून एकदाही उच्चारला नाही. त्याने तो पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहिला आणि देशाच्या कपाटात नेऊन बसवला.

घरी आल्यावर बायकोला विचारलं, "तो काळा तुकडा फेकलास का गं?"

"फेकते कशाला? माठाला टेकू आहे तो."

काढून स्फटिकाला लावून पाहिला. बसेना, मधल्या कपच्या मीच उडवल्या होत्या. तरी चिठ्ठी लिहिली: रंगनाथची विहीर, सात परस. खोटं कशाला बोलू, त्याचं नाव लिहिताना पेन अडलं.

"अहो, माठ डुगडुगतोय. दगड लावा परत."

लावला.