वॉयलीचा लाडू

माझी लेक ऑस्ट्रेलियात जंगलातल्या प्राण्यांच्या मोजणीचं काम करते. आज सकाळी तिच्याबरोबर गेले, तर तारेच्या पिंजऱ्यात सशाएवढी वॉयली अंग चोरून बसलेली. कांगारूच्याच कुळातली, पोटाला पिशवी असलेली. आता फार थोड्या उरल्यात. ओट्स आणि पीनट बटरचा लाडू खायला शिरली आणि मागे दार पडलं.

लेकीने तिला कापडी पिशवीत घेतलं, कानातला बिल्ला वाचला आणि हसली. "आई, ही कालचीच गं! परवाही हीच होती. लाडवासाठी येते."

"कोंडून घ्यायला?"

"सकाळी सोडतात, हे कळलंय तिला."

मला काही हसू येईना. नातवाला सांभाळायला मी तिसऱ्यांदा इथे आलेय. दिवसभर बंद घर, काचेबाहेर चिटपाखरू नाही. मग दुपारी तो झोपेतून उठून येतो आणि गळ्यात हात टाकतो. दर वेळी परतताना मी स्वतःला बजावते, आता पुरे.

पिशवी उघडताच वॉयली झुडपात पळाली. लेक संध्याकाळचे लाडू वळायला बसली.

"आई, पुढच्या वर्षीचं तिकीट आत्ताच काढू?" तिने मान वर न करता विचारलं.

"काढ," मी म्हणाले.