माझा आग्रह

"निदान शेवटचा घास तरी सख्ख्या बहिणीच्या हातचा गेला पोटात. भाग्य लागतं त्याला!" नलूला जाऊन आता दीड महिना होत आला, तरी भेटायला येणारं माणूस फिरून फिरून याच वाक्यावर येतं. मी मान डोलावते आणि चहा टाकायला उठते. वाक्य प्रेमानं म्हटलेलं असतं, समोरच्याचा काही दोष नसतो. पण त्यात भाग्य कसलं? तो घास तिला नको होता. तिनं तसं स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं आणि मी तरीही तो भरवला. हे घरी आलेल्या माणसाला चहा देता देता सांगता येत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

नलू म्हणजे नलिनी, माझी धाकटी बहीण. पनवेलला जुन्या गावात तिच्या घराच्या तळमजल्यावर तिचं पाळणाघर होतं. तिचे यजमान सतीशराव फार लवकर गेले. मुलगा ओंकार तेव्हा शाळेतही जात नव्हता. त्याला दुसऱ्याकडे टाकून नोकरीला जायचं नाही, या हट्टापायी तिनं शेजारपाजारची मुलं सांभाळायला घेतली. दोन-चारची पंधरा-वीस कधी झाली ते तिलाही कळलं नाही. कोणाची आई बँकेत, कोणाची शाळेत, कोणाचे वडील द्रोणागिरीच्या गोदामांत शिफ्टला... सगळ्यांची पोरं दिवसभर हिच्या अंगाखांद्यावर. गावात तिला कोणी नलिनी म्हणून ओळखत नसे. ती सगळ्यांची नलूमावशी. मी तिची मोठी बहीण, एवढीच माझी तिथली ओळख होती आणि खरं सांगायचं तर मला ती थोडी खुपायची.

आमचं माहेर आग्रहाचं. आई पंगतीत लाडूचं ताट घेऊन फिरायला लागली की लोक पानावर आडवे हात धरत, आणि आई त्या हातांच्या फटीतून लाडू सोडी. मी तिच्याच वळणावर गेले. आग्रह करण्यात माझा हात कोणी धरणार नाही, असं सासरीसुद्धा कौतुकानं म्हणतात. नलूला या आग्रहाचा लहानपणापासून तिटकारा. एका लग्नात मामींना नाही म्हणता येईना म्हणून ती जिलब्या खात गेली आणि घरी येताना टेम्पोत सगळ्यांच्या शालूंवर ओकली. ती गोष्ट आम्ही वर्षानुवर्षं हसून सांगायचो. ती हसायची नाही, हे मला आता आठवतं.

तिच्या पाळणाघरातला पहिला नियम असा की मूल नको म्हणालं की चमचा खाली. सुरुवातीला आयांनी भांडणंच काढली. डबे अर्धे अर्धे परत जायला लागले ना! ओवे गावातून एक आजी नातवाला न्यायला यायच्या, त्यांना तर हे पटेचना. कमरेवर हात ठेवून त्या दारात उभ्या राहिल्या, "अगं बाय, पोराला इचारून कोन जेवू घालतं गं? आमी पोरांना धरून धरून भरवलं, कोन मेला नाय!"

"मेलं नाही आजी, पण एकानं तरी कधी तुम्हाला नको म्हटलं का?"

"म्हनायची हिंमत हाय का कोनाची!"

"तेच तर मी म्हणते," नलू हसत म्हणाली. आजी पुटपुटत गेल्या, पण नातवाला दुसरीकडे घातलं नाही. पुढे त्याच आजी दारातून "घेऊ का रं पापी?" असं विचारायच्या, आणि तो नाय म्हणाला की रुसून चप्पल घालायच्या. नलू त्यांना मागून ओरडायची, "आजी, विचारलंत ना, मग आता रुसायचं नाही!"

कारण तिचं सगळं शिकवणं त्या न रुसण्यात होतं. रोज सकाळी ती मुलांना गोलात बसवून एक खेळ खेळायची. बुटक्या स्टुलावर बसून एकेकाला विचारायची, तुझं नाक ओढू? मूल ओरडायचं, "नको!" ती लगेच हात मागे घ्यायची आणि "बरं" म्हणून पुढच्याकडे वळायची. कडेवर घेऊ? नको. बरं. गाल ओढू? नको. बरं. मुलं खिदळायची. मला तो निव्वळ पोरखेळ वाटायचा. पण काही नवी मुलं अशी असत की ती सगळ्याला हो म्हणत. नाक ओढू? हो. चिमटा काढू? हो. म्हणताना ती तिच्या तोंडाकडे टक लावून बघत. नलूला खरी काळजी त्यांची. "ताई, मुलं आपला हात बघत नाहीत, तोंड बघतात," ती म्हणायची. "नको म्हटल्यावर आपलं तोंड उतरलं की त्यांना कळतं, मावशीला वाईट वाटलं. मग ती पुन्हा नको म्हणत नाहीत. आज मावशीला वाईट वाटेल म्हणून जो घास खातो ना, तो उद्या कोणाच्या मांडीवर गुपचूप बसून राहील, सांगता येत नाही."

"मग काय मुखवटा घालून भरवायचं?" मी विचारलं होतं.

"नाही गं. खरंच वाईट वाटून घ्यायचं नाही. ते आपलं काम, पोराचं नाही."

आणि ती काही मुलांना डोक्यावर चढवून ठेवणारी नव्हती. औषधाला नको चालायचं नाही, रस्त्यावर हात सोडायला चालायचं नाही. "गोळी घ्यायचीच. चमच्यातून की वाटीतून, ते तू सांग," असं दरडावून सांगायची. चिडायचीही भरपूर. माझ्याशी तर जास्तच.

एका भाऊबिजेला आमचं जोरात वाजलं. माझी नात ईरा तेव्हा जेमतेम चार वर्षांची. पुण्याहून माझे दीर आले होते. भला माणूस, पण मुलं दिसली की हात पसरणारा. "आजोबांना पापी दे बघू!" ईरा माझ्या मागे लपली आणि नको म्हणाली. दीर बिचारे ओशाळले. मी तिला पुढे ढकलत म्हटलं, "असं नाही म्हणायचं राणी, आजोबांना वाईट वाटतं." नलू आतून करंज्यांचं ताट घेऊन येत होती. सगळ्यांसमोर म्हणाली, "ताई, तिनं सांगितलंय." एवढंच. दीर हसले, "बरोबर आहे, आमची चूक," म्हणून मोकळे झाले. मीच फणकारले. माझ्या घरात येऊन माझ्या नातीला उद्धट करू नकोस, असं तिला स्वयंपाकघरात ऐकवलं. त्यानंतर बरेच दिवस आमचं बोलणं बंद होतं. शेवटी तीच फोन करून म्हणाली, "रुसायचं नाही ताई." मी हसले, आणि विषय मिटला असं मला वाटलं.

तिच्या पोटाचं दुखणं उशिरा कळलं. ऑपरेशन करण्यासारखं राहिलं नव्हतं. ओंकार बंगळुरूहून येऊन-जाऊन होता आणि मी माझं घर सुनेवर टाकून नलूकडे राहायला गेले. डॉक्टर म्हणाले, "पोटात चार घास गेले तर थोडी ताकद येईल, मग पुढचं बघू." मी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. नाचणीची पेज, मुगाचं कढण, मऊ भात, रव्याचा शिरा... दिवसभर माझा गॅस पेटलेला. नलू म्हणायची, "नको गं ताई." मी म्हणायची, एकच. ती पुन्हा नको म्हणायची. मग मी वाटी हातात धरून नुसती बसत असे. माझं तोंड उतरलेलं असायचं, आणि ते सोंग नव्हतं. माझी धाकटी बहीण माझ्यासमोर वाळत चालली होती, तोंड उतरणार नाही तर काय होईल? ती माझ्याकडे बघायची. बघता बघता आ करायची. मला एवढा आनंद व्हायचा! मी लगेच ओंकारला फोन करायची, आज आईनं पेज घेतली रे. आणि आत नलू कुशीवर वळून, पोटाशी उशी दाबून पडलेली असायची. मी तिची पाठ चोळायची. जे मीच करून ठेवलेलं, ते मीच चोळत बसायची.

एकदा ती म्हणाली, "ताई, मी जेवण नको म्हणते, म्हणजे तू नको असं नाही." मी म्हटलं, असं काहीतरी बोलू नकोस, आणि पदरानं डोळे पुसत चमचा पुढे केला. तिनं तोही घेतला.

शेवटच्या आठवड्यात ईरा तिला बघायला आली. आता ती दुसरीत आहे. येताना ती आईबरोबर जाऊन शहाळं घेऊन आली होती. "मावशीआजी, पाणी देऊ?" नलू म्हणाली, "नको बाळा." ईरा म्हणाली, "बरं," आणि शहाळं टेबलावर ठेवून पायथ्याशी चित्र काढत बसली. तिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. नलू तिच्याकडे बघत राहिली. इतक्या दिवसांत मी तिला तशी निवांत पडलेली बघितली नव्हती. मला म्हणाली, "हिला बघ." मी म्हटलं, "मुलांना कुठे कळतंय काय चाललंय ते." मला ईराचा रागच आला होता. एवढं लांबून आणलेलं शहाळं, थोडा आग्रह करावा की नाही!

नलू गेली त्या दिवशी सकाळी मी दुधातला शिरा केला होता. तिला आवडायचा. आदल्या दिवसापासून ती बोलत नव्हती, पण चमचा ओठांशी नेला तेव्हा डोळे उघडून म्हणाली, "नको." मग माझ्या तोंडून ते आलंच, "माझ्यासाठी. एकच घास, नले, माझ्यासाठी." तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग तोंड उघडलं. मी घास भरवला, ओठ पुसले आणि नाचत स्वयंपाकघरात गेले. ओंकारला कळवलं. वाटी घासून पालथी घातली. दुपारी मी तिच्या केसांना तेल लावत होते, तेव्हा तिचा श्वास थांबला... इतका हळू की मी थोडा वेळ तेल लावतच राहिले.

लोक जमायच्या आधी मी तिचं तोंड पुसायला घेतलं. डावा गाल मला जरा फुगीर लागला. शिरा होता. सकाळचा घास, जसाच्या तसा. तिनं तो गिळला नव्हता. मला दिसू नये म्हणून गालात धरून ठेवला होता. मी बोटानं तो काढला, पदराच्या टोकात घेतला आणि मोरीत जाऊन पदर धुतला. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. ओंकारलाही नाही. हे वाचून त्याला कळेल.

तेव्हा शेवटचा घास पोटात गेला हेही खरं नाही.

पाळणाघरात अशी मुलं असायची. त्यांच्या आया कुरकुरायच्या, बाई, हा तासन्‌तास घास घोळवत बसतो हो, काय करू? मी तिथे कधीकधी भाजी निवडत बसलेली असे, नलूचं उत्तर मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. "त्याला ओरडू नका," ती सांगायची. "त्याला खायचं नाहीये आणि तुमचं मनही मोडायचं नाहीये. बिचाऱ्याला तिसरी जागा कुठे आहे? म्हणून तो गालात ठेवतो." ऐकून मी मान डोलावली होती आणि मेथी निवडत राहिले होते.

सून म्हणते, आई, तुम्ही किती केलंत त्यांचं, आता मनाला लावून घेऊ नका. केलं, खरंच केलं. भरवलं नसतं तर उपाशी गेली म्हणून ऊर बडवला असता, हेही मला ठाऊक आहे. पण ते रडणं माझं असतं. ते टाळण्यासाठी मी तिच्या दुखऱ्या पोटात घास ढकलत राहिले. जन्मभर परक्यांच्या पोरांना नको म्हणायला शिकवणारी बाई, तिच्या स्वतःच्या नकोला तिच्याच घरात, तिच्याच पलंगावर कोणी मोजलं नाही. आणि मरणाच्या दारात असताना ती मला सांभाळत होती. नलू, मला माफ कर असं म्हणवतही नाही. मी म्हटलं, तर तू लगेच करशील.

पाळणाघर बंद करायचं नाही असं ओंकारनं ठरवलं आहे. नलूच्या हाताखाली तयार झालेली सुनीता ते बघते आणि दुपारी मी मदतीला जाते. खोली तशीच आहे. सकाळी सुनीता मुलांना गोलात बसवते, ती ओरडतात, बाहेर रिक्षावाले थांबून हसतात. परवा सुनीता फोनवर होती म्हणून एका नव्या मुलाचा वरणभात माझ्याकडे आला. अर्णव, अडीच-तीन वर्षांचा, मोठ्या डोळ्यांचा. थोडा खाल्ला आणि म्हणाला, "नको." मी लगेच चमचा खाली ठेवला. बरं, म्हटलं. आवाजसुद्धा चांगला लागला होता. मला स्वतःचं जरा कौतुकच वाटलं. वाटी झाकून ठेवली आणि त्याच्याकडे बघून हसले.

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मी एक शब्द बोलले नव्हते. त्याला तिथे काय दिसलं कोण जाणे... तो हळूच पुढे सरकला, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि त्यानं आ केला.