जिन्याच्या दाराचं लिंबू

आता काय सांगू तुम्हाला, जन्मभर ‘सेफ्टी, सेफ्टी’ करत फिरलो आणि सेफ्टीच्याच परीक्षेत तोंडावर आपटलो! थांबा, आधी चहा ओता.

शिकागोबाहेरच्या एका कॉलेजगावात शंभर वर्षांचं फ्रॅट हाउस आहे. चाळीस पोरं एकत्र राहतात, एकमेकांना ‘ब्रदर’ म्हणतात. आगीच्या नियमांत बसेना म्हणून घराला कुलूप लागलं आणि दुरुस्तीचं काम आमच्या कंपनीकडे आलं, इंजिनिअर मी. पण घर काय हो! ओकचा जिना असा, की पहिल्या दिवशी मी बूट काढूनच चढलो. त्या लाकडाला ओरखडा न काढता आम्ही स्प्रिंकलर घातले, अलार्म बसवले आणि खोलीखोलीला आग अडवणारी दारं. एरवी उघडी, अलार्म वाजला की आपोआप बंद!

शुक्रवारी इन्स्पेक्शन. पोरं आदल्या दिवशीच सामानासकट अंगणात हजर. नापास झालो तर अख्खं सेमिस्टर बिचारी मोटेलात!

त्यात बायको म्हणाली, "अहो, एवढं देखणं घर झालंय, नजर लागेल. लिंबू-मिरची बांधा."

बांधली! बाहेर बांधली तर खारी पळवतील, म्हणून आत, जिन्याच्या दाराला. दारात खिळा ठोकायचा नाही, हा नियम माझाच. मग दार ओढून बंद करणारा वरचा लोखंडी दांडा दिसला. त्याला मारली पक्की गाठ.

तेवढ्यात मागून टायलर, पोरांचा प्रेसिडेंट. "सर, हे काय?"

आता त्याला नजर कशी समजावणार? म्हटलं, "सेफ्टीसाठी आहे."

"कंपल्सरी?"

"हो रे बाबा, नवीन दाराला लावावंच लागतं!"

विषय संपला, असं मला वाटलं.

शुक्रवारी इन्स्पेक्टर कॅरलबाईंबरोबर आत शिरलो आणि बघतो तर काय? तिन्ही मजल्यांवर दारादाराच्या दांड्याला एक लिंबू, सात हालापेनो मिरच्या! मोजून सात, एक कमी नाही. लाज तर वाटलीच, पण खरं सांगतो, अंगावर काटा आला. एवढं माझं घरात कुणी ऐकत नाही!

"हे काय आहे?" बाई.

"कंपल्सरी आहे, मॅम," टायलर छाती पुढे काढून म्हणाला. "इंजिनिअर सरांनी सांगितलंय."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "फायर कोडच्या कोणत्या नियमात?"

मी घाम पुसत खरं ते सांगून टाकलं.

"दहा मिनिटं देते. दांडे मोकळे करा."

"ब्रदर्स!" टायलर ओरडला. आणि काय धावली हो पोरं! चार मिनिटांत बादलीभर लिंबं खाली.

बाईंनी अलार्म दाबला. अहाहा! तिन्ही मजल्यांची दारं एकदम हलली आणि सावकाश, एका लयीत बंद झाली. ते म्हातारं घर स्वतःची काळजी स्वतः घेत होतं! मी थक्क होऊन नुसता बघत राहिलो. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या.

एकच दार उघडं राहिलं. जिन्याचं! सरांच्या लिंबाला हात कसा लावायचा, म्हणून पोरांनी तेवढं सोडलं होतं. आणि माझी मिरची दांड्याच्या सांध्यात अडकलेली.

गाठ मला सुटेना. शेवटी बाईंनीच पर्समधून कात्री काढली, दोरा कापला आणि पुन्हा अलार्म दाबला. दार बंद! पोरांनी घर डोक्यावर घेतलं.

संध्याकाळी ऑफिसात सगळ्यांना रिपोर्ट आला. "पास. इमारत पूर्ण सुरक्षित. धोका एकच आढळला: इंजिनिअर."