बर्फीचा निकाल

मी मधुसूदन. चिखलीत राहतो, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढतो आणि त्याचा पगार घेतो. घरी तेच काम फुकट करतो.

लहानपणापासून इन्सुलिनवर आहे. साखर घसरली की माणूस चिडतो, बडबडतो, कुणाचं ऐकत नाही, असं डॉक्टर सांगतात. पण मी एरवीही चिडतो, बडबडतो आणि कुणाचं ऐकत नाही. मग घरच्यांनी ओळखायचं कसं? पूर्वी आधी घाम यायचा, हात थरथरायचे. आता तेही बंद, थेट आडवाच होतो. म्हणून मी आवाज चढवला की बायको, अरुंधती, धावत येऊन माझ्या तोंडात साखर कोंबायची. भाजीत मीठ कमी म्हणून ओरडलो तरी साखर! मग ती इतकी वाढायची की डॉक्टर माझ्याकडे संशयाने बघायचे.

शेवटी कासारवाडीच्या उमरभाईंकडून बर्फी आणली. लॅब्रॅडोर कुत्री. साखर घसरली की अंगाला येणारा वास तिला कळतो. तिच्या शिकवणीसाठी तशा वेळी माझं अंग पुसलेले कापसाचे बोळे आमच्या फ्रीजरमध्ये मटारशेजारी ठेवलेले असायचे. अरुंधतीने तेव्हापासून मटार सोडले. उमरभाई म्हणाले, "साहेब, ही साखरेचं सांगेल. स्वभावाचं ट्रेनिंग आपल्याकडे नाही." मी हसलो. अरुंधती जरा जास्तच हसली.

यंदा खंडेनवमीला सकाळी पाटावर सगळी हत्यारं मांडली. नट आवळायचे पाने, मापं घ्यायचं व्हर्निअर, लॅपटॉप, अरुंधतीची विळी आणि माझं साखर तपासायचं मशीनही. ज्याच्या जिवावर जगतो त्याची पूजा नको का? हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. एकदा पूजेत ठेवलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा दंडक. तोही मी खडसावून सांगितला. इन्सुलिन टोचून झालं होतं, पण नैवेद्याआधी खायचं कसं?

तेवढ्यात बर्फीने माझ्या गुडघ्यावर पंजा मारला. मी "हट्" म्हटलं. तिने पुन्हा मारला आणि भुंकायला लागली.

"मी सोवळ्यात आहे, हिला बाहेर काढ!"

"अहो, आधी तपासा," अरुंधती म्हणाली.

"मशीन पूजेत आहे!"

"मग काहीतरी खा तरी."

"देवाच्या आधी? अक्कल गहाण ठेवलीस का?"

हे मी तिच्याकडे नाही, समईकडे बघून म्हणालो, असं नंतर कळलं. बर्फी सरळ पाटावर चढली. अरुंधतीने मशीनवरचा झेंडू फेकला, माझं बोट टोचलं, आकडा बघितला आणि पंचामृतासाठी काढलेला मध बोटाने माझ्या तोंडात भरायला लागली. मी तिचं बोट चावलं.

हळूहळू डोकं ताळ्यावर आलं. आता चार शब्द बरे बोलावेत की नाही? पण मला दिसले चुरगळलेले झेंडू आणि लॅपटॉपच्या बटणांत गेलेली हळद.

"सगळी पूजा मोडलीस! एवढं साधं कळत नाही तुला?"

अरुंधतीने सवयीने बर्फीकडे पाहिलं. बर्फी दारात लवंडली होती.

"ही गप्प आहे," अरुंधती म्हणाली. चावलेलं बोट तिने ओढणीत धरलं होतं. "म्हणजे आत्ता तुम्हीच बोलताय."

मी बटणांतली हळद फुंकायला लागलो.

"लग्न झाल्यापासून मी दर वेळी मनाला समजावलं, की हे नाही बोलत, यांची साखर बोलतेय. त्यातल्या किती वेळा तुम्हीच होतात हो?"

तिचे डोळे भरले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी बर्फीकडे बघितलं. मनात म्हटलं, भुंक गं बाई, एकदाच भुंक.

ती घोरत होती.